बांध दरवर्षी का फुटतो?

प्रश्न : अंबाजोगाईजवळ माझी तीन एकर उताराची काळी जमीन आहे. बांध घातला की पहिल्याच मोठ्या पावसात फुटतो. वरचं रान भावकीचं. काय करावं?

उत्तर : आधी हिशेब बघा. एका एकरावर २५ मिलिमीटर पाऊस पडला, तर साधारण १ लाख लिटर पाणी होतं. वरच्या रानातून त्यातलं निम्मं जरी आलं, तरी तुमचा बांध किती टिकणार?

शिवाय काळी माती उन्हाळ्यात भेगाळते. बांधालाही भेगा पडतात आणि पाणी नेमकं तिथून वाट काढतं. म्हणून आपल्या जमिनीत पाणी अडवून धरणारा सपाट बांध नको, ढाळीचा बांध घ्या. शंभर फुटांना तीन-चार इंच ढाळ पुरे. नजरेचा अंदाज इथे फसतो. पारदर्शक नळीत पाणी भरून दोन काठ्यांना बांधा आणि पातळी काढा. सांडव्याला दगडी पिचिंग करून तो नाल्यात सोडा. सांडव्याविना बांध म्हणजे पुढच्या वर्षीची जेसीबीची मजुरी. बांधावर पवना किंवा खस लावा. सोयाबीन उताराला आडवं पेरा, रुंद सरी-वरंब्यावर.

खरी अडचण मात्र भावकीची आहे. काम माथ्याकडून पायथ्याकडे झालं पाहिजे, म्हणजे सुरुवात त्यांच्या रानात. 'तुझं पाणी' म्हणून भांडू नका. त्यांची वाहून गेलेली माती तुमच्या बांधाशी साचलीय, ती एकदा दाखवा. अंबाजोगाईत १९८२पासून काम करणारी 'मानवलोक' ही संस्था आहे, तालुका कृषी कार्यालय आहे. तुम्ही आणि भावकी, दोघांनी मिळूनच तिथे जा.