धातुशोधक : ऐकावे कसे आणि थांबावे केव्हा?

रेल्वे स्थानकाच्या दारात उभ्या केलेल्या चौकटीतून जाताना खिशातील किल्ल्यांमुळे शिट्टी वाजते, हे तुम्ही पाहिले असेल. त्याच जातीचे हलके उपकरण हातात धरून जमिनीखालची नाणी, खिळे व बटणे शोधण्याचा छंद इंग्लंड-अमेरिकेत हजारो लोकांना आहे. काठीच्या एका टोकाला ताटलीएवढी चकती, दुसऱ्या टोकाला मूठ व छोटी पेटी, असे त्याचे रूप असते. हाच धातुशोधक, म्हणजे मेटल डिटेक्टर. हा छंद शिकायचा तर आधी कुदळ बाजूला ठेवावी आणि उपकरण काय सांगते व काय सांगू शकत नाही, ते समजून घ्यावे.

शोधक कसा चालतो?

नेहमीच्या शोधकाच्या चकतीत तांब्याच्या तारेची दोन वेटोळी असतात. पहिल्या वेटोळ्यातून दर सेकंदाला हजारो वेळा दिशा बदलणारा प्रवाह सोडतात. त्यामुळे भोवती सतत बदलणारे चुंबकीय क्षेत्र तयार होते. हे क्षेत्र जमिनीतल्या एखाद्या नाण्यातून गेले, की फॅरडेच्या प्रवर्तनाच्या नियमानुसार नाण्यात पाण्यातील भोवऱ्यांसारखे गोल फिरणारे प्रवाह उत्पन्न होतात. त्यांना भोवरी प्रवाह म्हणतात. या प्रवाहांचे स्वतःचे क्षीण चुंबकीय क्षेत्र असते. दुसरे वेटोळे ते टिपते आणि पेटीतून आवाज येतो.

दुसरे वेटोळे अशा जागी बसवतात, की पहिल्याचा थेट परिणाम त्यावर जवळजवळ शून्य व्हावा. तराजूची दोन्ही पारडी समतोल असली म्हणजे गहू-दोन गहू वजनही कळते, तसेच हे आहे.

प्रयोग १. पडद्याच्या दांडीला वापरतात तसली अॅल्युमिनियमची सुमारे एक मीटर लांब पोकळ नळी घ्या. तीत सहज मावेल असा जोरदार चुंबक व त्याच आकाराचा लोखंडाचा तुकडा घ्या. नळी उभी धरून आधी लोखंड व मग चुंबक वरून सोडा. लोखंड क्षणात खाली येईल. चुंबक मात्र रेंगाळत उतरेल. अॅल्युमिनियमला चुंबक चिकटत नाही, तरी असे का? पडत्या चुंबकामुळे नळीत भोवरी प्रवाह निर्माण होतात व ते त्याच्या पडण्यास विरोध करतात. धातुशोधकाला ऐकू येतात ते हेच प्रवाह.

बेल यांचा अनुभव

२ जुलै १८८१ रोजी अमेरिकेचे अध्यक्ष जेम्स गारफील्ड यांना गोळी लागली. ती शरीरात कोठे अडकली आहे, हे कळेना. क्ष-किरणांचा शोध लागायला अजून चौदा वर्षे होती. टेलिफोनचे संशोधक अलेक्झांडर ग्रॅहम बेल यांनी प्रवर्तनावर चालणारा शोधक तयार केला. चाचण्यांत त्याने गोळ्या शोधून दाखवल्या, पण रुग्णाजवळ नेल्यावर निश्चित उत्तर मिळेना. गादीतील धातूच्या स्प्रिंगांमुळे घोटाळा झाला, असे मानतात. शिवाय मुख्य डॉक्टरांनी उजव्याच बाजूचा शोध घेऊ दिला. १९ सप्टेंबरला गारफील्ड वारले. शवचिकित्सेत गोळी डाव्या बाजूला आढळली. उपकरण चांगले असले, तरी भोवतालचा धातू आणि शोधण्याची जागा यांचा विचार करावाच लागतो.

आपली माती आणि शोधक

महाराष्ट्राचा फार मोठा भाग बेसॉल्ट या काळ्या खडकाचा आहे. त्यात मॅग्नेटाइट हे लोहयुक्त चुंबकीय खनिज असते. कोकणातील जांभ्या मातीतही लोहाची खनिजे भरपूर असतात. अशा जमिनीवर शोधक मातीलाच 'प्रतिसाद' देऊ लागतो. म्हणून चांगल्या यंत्रात जमिनीचा परिणाम वजा करण्याची सोय असते.

प्रयोग २. चुंबक कागदात गुंडाळून कोरड्या मातीत किंवा समुद्राच्या वाळूत फिरवा. कागदाला चिकटलेले काळे कण भिंगातून पाहा. निरनिराळ्या ठिकाणच्या मातीची तुलना करून नोंद ठेवा.

खोलीचे गणित

वस्तू लहान असेल आणि चकतीच्या आकाराच्या मानाने दूर असेल, तर अंतर दुप्पट झाल्यावर तिच्यापर्यंत पोचणारे क्षेत्र सुमारे १/८ होते. परत येणारा प्रतिसादही तितकाच घटतो. म्हणजे संकेत १/८ × १/८ = १/६४ उरतो! म्हणूनच साध्या यंत्राला लहान नाणे वीतभर खोलीवरच कसेबसे कळते. 'दहा मीटर खोलीवरचे सोने दाखवणारे यंत्र' असे कोणी सांगू लागला, तर हे गणित आठवावे.

लोखंड स्वतः चुंबकित होत असल्याने त्याचा प्रतिसाद तांब्या-चांदीहून निराळा असतो. तो ओळखता येतो, पण अॅल्युमिनियमचा चुरगळलेला कागद आणि सोन्याची बारीक अंगठी यांचा आवाज अगदी सारखा येऊ शकतो.

सरावाचा वाफा

एखादा शोधक मिळाला, तर शिक्षकांच्या संमतीने शाळेच्या आवारात दोन मीटर लांबीचा वाफा आखा. खिळा, पितळी किल्ली, अॅल्युमिनियमचे झाकण आणि नाणे ५, १० व १५ सेंटिमीटर खोलीवर पुरा. एक नाणे आडवे व एक उभे ठेवा. नकाशा एका गटाने करावा आणि तो न पाहता दुसऱ्या गटाने शोध घ्यावा. चकती जमिनीला समांतर ठेवून सावकाश फिरवावी. प्रत्येक आवाजाची जागा, अंदाज व प्रत्यक्ष वस्तू यांचा तक्ता करावा. शेवटी सर्व वस्तू काढून खड्डे बुजवावेत.

हातोडी शोधणारा माणूस

१६ नोव्हेंबर १९९२ रोजी इंग्लंडच्या सफक परगण्यात एरिक लॉज हे गृहस्थ शेतकरी मित्राची हरवलेली हातोडी शोधत होते. सापडली ती रोमन काळची नाणी व चांदीचे चमचे. ठेवा मोठा आहे हे लक्षात येताच त्यांनी खणणे थांबवले व अधिकाऱ्यांना कळवले. दुसऱ्या दिवशी पुरातत्त्वज्ञांनी पद्धतशीर उत्खनन केले. तेथे सुमारे १५,००० नाणी व सुमारे २०० सोन्याचांदीच्या वस्तू मिळाल्या. लाकडी पेटी कुजून गेली होती. पण बिजागऱ्या, कुलपे व वस्तू जागच्या जागी मिळाल्यामुळे पेटीत काय कसे रचले होते, हे ठरवता आले. लॉज यांनी सगळे उपसून घरी नेले असते, तर चांदी तेवढीच राहिली असती, पण ही माहिती कायमची गेली असती. ती हातोडीही सापडली आणि आज ठेव्याबरोबर ब्रिटिश म्युझियममध्ये आहे.

आपल्याकडचे नियम

१८७८ च्या निखात निधी कायद्यानुसार जमिनीत दडलेला १० रुपयांहून अधिक किमतीचा ठेवा सापडल्यास जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवावे लागते. प्राचीन स्मारके व पुरातत्त्वीय स्थळे यांच्या १९५८ च्या कायद्याने संरक्षित जागी परवान्याशिवाय उत्खननास मनाई आहे. म्हणून किल्ले, लेणी, जुनी देवळे व पांढरीची टेकाडे येथे शोधक नेऊ नये. इतरत्रही जमीनमालकाची परवानगी घ्यावी. जुने नाणे मिळाले तर ते घासूनपुसून चकचकीत करू नये. त्यावरची अक्षरे झिजतात. बॉम्बगोळ्यासारखी वस्तू दिसल्यास हात न लावता दूर व्हावे आणि पोलिसांना कळवावे.

नाणे कोणत्या राजाचे, हे त्यावरच्या अक्षरांवरून कळते. ते तेथे कसे आले, हे मात्र भोवतालची माती सांगते. ती माती हलली, की ते पुन्हा विचारता येत नाही.

स्वाध्याय

१. प्रयोग १ मध्ये नळीला उभी चीर पाडली तर चुंबकाच्या वेगात काय फरक पडेल? कारण सांगा.
२. अंतर तिप्पट झाले तर संकेत किती पट कमी होईल?
३. आडव्या व उभ्या नाण्यांपैकी कोणते सहज सापडते? वाफ्यावर तपासून पाहा.