टोपोग्राफी : शब्द आणि स्थळ

भूगोलाच्या तासाला 'टोपोग्राफी' हा शब्द आला म्हणजे विद्यार्थी त्याचा अर्थ 'डोंगर आणि नद्या' असा सांगून मोकळे होतात. उत्तर चुकीचें नाहीं, पण अपुरें आहे. आणि तें कोठें अपुरें पडतें हें आमच्या या रायगड-किनाऱ्यावर फार चांगलें दिसतें.

शब्द ग्रीक आहे. 'टोपोस' म्हणजे स्थळ व 'ग्राफाइन' म्हणजे लिहिणें; तेव्हां मूळ अर्थ 'स्थळाचें लेखन' असा होतो. एखाद्या गांवाचें, तेथील रस्ते, तळीं व इमारती यांसह केलेलें बारीक वर्णन म्हणजे टोपोग्राफी. पुढें मोजणीची विद्या वाढली, लेखणीचें काम नकाशाकडे गेलें, आणि शेवटीं ज्या उंचसखल भूमीचें वर्णन करावयाचें तिलाच हें नांव चिकटलें. पहिल्या अर्थीं 'स्थलवर्णन' व दुसऱ्या अर्थीं 'भूरचना' असें मराठींत म्हणतां येईल. शरीरशास्त्रांतही अवयवांच्या परस्परस्थानांच्या वर्णनास हाच शब्द लावितात. त्याचा एवढा उल्लेख पुरे.

आतां नकाशा उघडूं. भारतीय सर्वेक्षण खातें १७६७ सालीं सुरू झालें. त्याच्या १:५०,००० प्रमाणाच्या नकाशावर एक सेंटिमीटर म्हणजे भूमीवरील अर्धा किलोमीटर. सारख्या उंचीचीं स्थळें जोडणाऱ्या रेषांना समोच्च रेषा म्हणतात. त्या दाटल्या कीं चढ उभा समजावा. कनकेश्वराचा डोंगर त्यांवरून चटकन ओळखतां येतो. किनाऱ्याची गोष्ट मात्र इतकी सोपी नाहीं. अलिबागचा कुलाबा किल्ला भरतीला बेट असतो आणि ओहोटीला तेथें पायीं जातां येतें. नकाशाला एकच रेषा काढावी लागते. सामान्यतः भरतीची पातळी तो किनारा मानतो.

याहून मोठी अडचण अलिबाग व पेण यांच्यामधील खारेपाटांत आहे. या नकाशांवर दोन समोच्च रेषांमध्यें बहुधा २० मीटरांचें अंतर असतें, आणि खारेपाट तर सारा पहिल्या रेषेच्याही खालीं. कागद कोराच दिसतो. आम्हीं एकदां वर्गांत विचारलें, "येथें काय आहे?" बहुतेक म्हणाले, "सपाट जमीन." खारेपाटांतील एक मुलगा मात्र उठला व म्हणाला, "सर, तिथें आमचें शेत होतें. बांधाला खांड पडली, आतां तिथें कांदळ आहे."

त्याचें उत्तर बरोबर होतें. ही भातशेती उधाणाच्या पातळीहून खालीं आहे. मातीच्या बांधांनीं ती समुद्रापासून राखलेली आहे. बांधांतील उघाडी ओहोटीला पावसाचें पाणी बाहेर सोडते व भरतीला मिटून खारें पाणी अडविते. हातभर उंची कमी पडली कीं शेतांत मीठ बसतें, आणि तें धुऊन जाण्यास पुष्कळ पावसाळे लागतात. तोंवर बांधाची दुरुस्ती झाली नाहीं तर खारफुटी जमीन व्यापते. यासाठीं मुंबई राज्यानें १९४८ सालीं व महाराष्ट्रानें १९७९ सालीं स्वतंत्र कायदे केले.

ज्या हातभर उंचीवर घरचें वर्षाचें भात अवलंबून, ती नकाशांत नाहीं. पण खाजण, खार, बांध, उघाडी या शब्दांत ती आहे. मूळ ग्रीक अर्थानें पाहतां हेंही स्थळाचें लेखनच होय. फक्त तें कोणी लिहून ठेविलेलें नाहीं, आणि तें जाणणारीं माणसें आतां वृद्ध झालीं आहेत. तेव्हां खारेपाटांतील विद्यार्थ्यांनीं येत्या सुटींत नकाशाचा कागद घेऊन आजोबांबरोबर बांधावर जावें, आणि कोऱ्या जागीं त्यांनीं सांगितलेलीं नांवें पेन्सिलीनें भरून आणावीं.