चिंताशामक गोळ्या बंद करण्याचा निर्णय : एक अभ्यास

चिंता, धडधड व निद्रानाश यांवर दिल्या जाणाऱ्या गोळ्या आज खेडोपाडी परिचित झाल्या आहेत. कोणी त्यांस ‘टेन्शनची गोळी’ म्हणते, कोणी ‘झोपेची गोळी’. योग्य कारणासाठी व अल्प काळ घेतल्यास त्या उपकारक ठरतात, याविषयी दुमत नाही. परंतु महिनोन्‌महिने चालू राहिलेली गोळी केव्हा व कशी थांबवावी, हा प्रश्न उभा राहिला की बहुतेक घरांत दोनच मार्ग दिसतात. एक तर जुनीच चिठ्ठी दाखवून वर्षानुवर्षे औषध घेत राहणे, नाही तर एखाद्या दिवशी मनाचा निश्चय करून सर्व गोळ्या एकदम बंद करणे. पहिल्या मार्गात धोका आहेच. दुसऱ्या मार्गात तो तातडीचा आहे. या दोहोंमधील सुरक्षित मार्गाची ओळख रुग्ण, त्यांचे कुटुंबीय व आपल्या रुग्णालयाचे हितचिंतक यांना करून द्यावी, या हेतूने प्रस्तुत लेख लिहिला आहे.

आपल्या जिल्ह्याची पार्श्वभूमी

धाराशिव जिल्ह्याने मनाची झोप उडविणारे प्रसंग पुष्कळ पाहिले आहेत. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे झालेल्या भूकंपात लातूर जिल्ह्याबरोबरच आपला उमरगा-लोहारा परिसर उद्ध्वस्त झाला. त्यानंतर अवर्षण, नापिकी व कर्ज यांचे ओझे शेतकरी कुटुंबांवर वारंवार पडत राहिले. राज्य शासनाने २०१५ मध्ये यवतमाळ व तत्कालीन उस्मानाबाद या दोन जिल्ह्यांत ‘बळीराजा चेतना अभियान’ हाती घेतले, तसेच शेतकरी आत्महत्याग्रस्त १४ जिल्ह्यांसाठी ‘प्रेरणा प्रकल्प’ सुरू केला. मनाचे दुखणे हेही दुखणेच आहे, ही जाणीव त्यातून गावपातळीपर्यंत पोहोचू लागली.

तथापि पुणे, ठाणे, नागपूर व रत्नागिरी येथे असलेली राज्याची जुनी मनोरुग्णालये आपल्यापासून दूर आहेत. तज्ज्ञांच्या सल्ल्यासाठी अनेक रुग्ण सोलापूर किंवा लातूर गाठतात. एकदा जाऊन आल्यावर पुढची फेरी खर्चामुळे किंवा शेतीच्या कामामुळे लांबणीवर पडते. मग तीच चिठ्ठी घडी घालून जपली जाते आणि पंधरा दिवसांसाठी दिलेली गोळी काही वर्षांची सोबतीण होते. यात रुग्णाचा दोष नाही. गोळी कधी थांबवायची हे सुरुवातीसच कोणी सांगितले नाही, एवढाच त्याचा अर्थ आहे.

ही औषधे कोणती?

या लेखाचा विषय ‘बेन्झोडायझेपिन’ या गटातील औषधांपुरता आहे. अल्प्राझोलाम, क्लोनाझेपाम, लोराझेपाम, डायझेपाम, नायट्राझेपाम व क्लोरडायझेपॉक्साइड ही त्यांतील परिचित नावे होत. यांपैकी क्लोरडायझेपॉक्साइड १९६० मध्ये व डायझेपाम १९६३ मध्ये प्रथम बाजारात आले.

मेंदूतील उत्तेजना आवरणारे ‘गाबा’ नावाचे एक रसायन आपल्या शरीरात निसर्गतःच असते. ही औषधे त्याचा परिणाम वाढवितात; म्हणून धडधड थांबते, स्नायू सैल होतात व झोप येते. परंतु बाहेरची ही मदत रोज मिळू लागली की मेंदू तिच्याशी जुळवून घेतो आणि स्वतःची आवरण्याची शक्ती कमी करतो. हे अवलंबित्व शरीराचे आहे. डॉक्टरांनी सांगितल्याप्रमाणे, एकही जादा गोळी न घेणाऱ्या सज्जन माणसातही ते निर्माण होते. त्यास ‘व्यसनी’ म्हणणे अन्यायाचे व उपचाराच्या दृष्टीनेही हानिकारक आहे.

ब्रिटनमधील औषध सुरक्षा समितीने १९८८ मध्येच ही औषधे दोन ते चार आठवड्यांपुरतीच वापरावीत, असा सल्ला दिला होता. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने सप्टेंबर २०२० मध्ये अवलंबित्व व औषध सोडतानाच्या त्रासाविषयी सर्वांत कडक इशारा छापणे बंधनकारक केले. आपल्या देशात १ मार्च २०१४ पासून अल्प्राझोलाम, डायझेपाम, क्लोरडायझेपॉक्साइड, नायट्राझेपाम आदी औषधे ‘अनुसूची एच-१’ मध्ये आहेत. ती विकताना डॉक्टरांचे व रुग्णाचे नाव, औषध व त्याचे प्रमाण यांची स्वतंत्र नोंदवहीत नोंद करून ती तीन वर्षे जपणे औषध विक्रेत्यास बंधनकारक आहे.

येथे एक गोष्ट विशेष लक्षात घ्यावी. हे औषध पुष्कळदा दुसऱ्या औषधाच्या सोबतीने एकाच गोळीत असते. नैराश्यावरील एस्सिटालोप्राम व क्लोनाझेपाम यांची एकत्रित गोळी मिळते. पोटदुखी व आम्लपित्तासाठी दिल्या जाणाऱ्या काही गोळ्यांत क्लिडिनियमबरोबर क्लोरडायझेपॉक्साइड असते. ‘मी झोपेची गोळी घेत नाही, फक्त पित्ताची घेतो’ असे सांगणारा रुग्णही म्हणून या गटात असू शकतो. पाकिटावरील बारीक अक्षरांतील घटक डॉक्टरांकडून किंवा औषध विक्रेत्याकडून वाचून घ्यावेत.

अचानक बंद केल्यास काय होते?

समजा, कळंब तालुक्यातील एक अठ्ठावन्न वर्षांच्या बाई पतिनिधनानंतर झोप येईना म्हणून अल्प्राझोलामची अर्ध्या मिलिग्रॅमची गोळी सकाळी व रात्री अशी सहा वर्षे घेत आहेत. ‘ही गोळी वाईट असते’ असे ऐकून त्यांचा मुलगा पाकीट फेकून देतो. किंवा त्या स्वतःच नवरात्रात तुळजापूरला जाऊन ‘आई, आजपासून गोळी सोडली’ असा नवस बोलतात. हेतू दोन्हीकडे चांगलाच आहे. पण अल्प्राझोलाम शरीरातून लवकर उतरते. त्यामुळे एक-दोन दिवसांतच हातांना कंप, घाम, धडधड, आवाज व उजेड असह्य होणे, चिडचिड व पूर्ण निद्रानाश सुरू होऊ शकतो. काही रुग्णांस आकडी येते, भास होतात, भ्रम होतो. हा प्रसंग प्राणावर बेतू शकतो. क्लोनाझेपाम व डायझेपाम सावकाश उतरतात, म्हणून त्यांचा त्रास काही दिवस उशिरा दिसतो. तेवढ्यावरून ‘काही झाले नाही’ असे समजू नये.

म्हणून पहिला नियम असा : रोज दीर्घकाळ घेतलेली चिंताशामक गोळी कोणत्याही कारणाने एकाएकी बंद करू नये. नवस करावयाचाच असेल तर ‘डॉक्टरांच्या सल्ल्याने हळूहळू सोडीन’ असा करावा.

निर्णय घेण्यापूर्वी

गोळी सोडणे हा रुग्णाचा निर्णय असावा, त्याच्यावर लादलेला हुकूम नसावा. कॅनडातील क्युबेक प्रांतात ६५ वर्षांवरील व्यक्तींच्या एका अभ्यासात, जो २०१४ मध्ये प्रसिद्ध झाला, रुग्णांना या औषधांचे धोके व २१ आठवड्यांत मात्रा कमी करण्याची रीत समजावणारी एक पुस्तिका दिली गेली. सहा महिन्यांनी पुस्तिका मिळालेल्यांपैकी २७ टक्के व्यक्तींनी औषध थांबविले होते. न मिळालेल्यांत हे प्रमाण ५ टक्के होते. नीट माहिती मिळाली की माणूस आपले हित ओळखतो, याचा हा पुरावा आहे.

डॉक्टरांसमोर पुढील गोष्टी मोकळेपणाने सांगाव्यात : गोळी किती वर्षे व किती प्रमाणात घेत आहात, पूर्वी कधी आकडी आली होती काय, दारू घेता काय, ट्रामाडोलसारख्या वेदनाशामक किंवा कोडीनयुक्त खोकल्याच्या औषधाची सवय आहे काय, दमा वा श्वसनाचा अन्य विकार, गर्भधारणा किंवा यकृताचा आजार आहे काय, जीव नकोसा वाटण्याचे विचार येतात काय. यांपैकी काही असल्यास घरच्या घरी मात्रा कमी करण्याचा प्रयत्न मुळीच करू नये. अपस्मारासाठी क्लोनाझेपाम चालू असेल, तर ते त्या आजाराचेच औषध आहे. हा लेख वाचून ते कमी करू नये.

वेळही पाहावी. पेरणीची धांदल, घरातील लग्न, नुकतेच झालेले दुःख किंवा दुसरे मोठे आजारपण असताना आरंभ न करता थोडी स्थिरता आल्यावर करावा. मूळ चिंता किंवा नैराश्य शिल्लक असेल तर त्यावरील उपचार आधी मार्गी लावावेत. सर्व विचार करून काही रुग्णांच्या बाबतीत औषध कमी प्रमाणात चालू ठेवणेच डॉक्टरांस योग्य वाटेल. तेही अपयश नव्हे.

मात्रा कमी करण्याची रीत

या विषयाचा पाया घालणाऱ्यांत न्यूकॅसल येथील प्राध्यापिका हेदर ॲश्टन यांचे नाव अग्रक्रमाने घ्यावे लागते. त्यांनी १९८२ ते १९९४ या काळात औषध सोडू इच्छिणाऱ्यांसाठी खास दवाखाना चालविला. मात्रा हळूहळू घटवावी व गती रुग्णाने ठरवावी, ही त्यांची शिकवण होती. २०२५ मध्ये अमेरिकेतील अनेक वैद्यकीय संस्थांनी मिळून दिलेल्या मार्गदर्शनातही हेच तत्त्व आहे : आरंभी दर दोन ते चार आठवड्यांनी चालू मात्रेच्या ५ ते १० टक्के घट विचारात घ्यावी आणि दोन आठवड्यांत २५ टक्क्यांहून अधिक घट सहसा करू नये.

वरील उदाहरणातील बाईंची रोजची मात्रा १ मिलिग्रॅम आहे. आपल्याकडे अल्प्राझोलामची पाव मिलिग्रॅमची गोळी मिळते. तिचा अर्धा भाग म्हणजे ०.१२५ मिलिग्रॅम. एवढी घट केली की मात्रा ०.८७५ वर येते. ही घट साडेबारा टक्के होते. पण तोच अर्धा तुकडा पुढे मोठा होत जातो. मात्रा अर्ध्या मिलिग्रॅमवर आली असता तोच २५ टक्के होतो आणि पाव मिलिग्रॅमवर आली असता ५० टक्के! म्हणूनच ‘आता थोडीच राहिली, टाकून द्या’ हा सल्ला चुकीचा आहे. शेवटच्या पायऱ्या सर्वांत कठीण असतात व तेथे सर्वांत अधिक धीर हवा.

अशा वेळी डॉक्टर काही रुग्णांस सावकाश उतरणाऱ्या डायझेपामवर आणतात. ॲश्टन यांच्या कोष्टकानुसार अर्धा मिलिग्रॅम अल्प्राझोलाम हे सुमारे १० मिलिग्रॅम डायझेपामच्या बरोबरीचे आहे. मग २ मिलिग्रॅमच्या गोळीच्या अर्ध्या भागाने १० टक्क्यांची घट साधते. परंतु ही समानता सर्व ग्रंथांत एकसारखी नाही, आणि वृद्धांत व यकृताच्या रुग्णांत डायझेपाम शरीरात साठते. म्हणून हा बदल डॉक्टरांनीच करावयाचा आहे.

आणखी काही सूचना : शरीरात हळूहळू विरघळणाऱ्या ‘एसआर’ गोळ्या तोडू नयेत. एक दिवस गोळी व एक दिवस उपवास, असे करू नये. त्याने रक्तातील मात्रा वरखाली होऊन त्रास वाढतो. एकत्रित गोळी असल्यास डॉक्टरांकडून दोन्ही औषधे प्रथम वेगळी करून घ्यावीत, नाही तर एक कमी करताना दुसरेही नकळत कमी होते.

त्रास झाल्यास

घट केल्यावर काही दिवस झोप उडणे, बेचैनी वाटणे हे अपेक्षित आहे. घटीनंतर लगेच आलेला व दोन-तीन आठवड्यांत ओसरणारा त्रास बहुधा औषध सुटण्याचा असतो. सावकाश परतलेली व टिकून राहणारी चिंता ही मूळ आजाराची असू शकते. त्रास वाढल्यास पुढची पायरी न उतरता आहे त्या मात्रेवर थांबावे व डॉक्टरांस भेटावे. थांबणे म्हणजे हरणे नव्हे. आकडी, भास, भ्रम किंवा आत्मघाताचे विचार असल्यास मात्र तत्काळ रुग्णालयात आणावे. दारूचा घोट किंवा शेजाऱ्याची गोळी हा उपाय कदापि करू नये.

झोपेसाठी उठण्याची वेळ ठरलेली असावी, दुपारनंतर चहा टाळावा, दिवसा थोडे चालावे व झोप न आल्यास अंथरुणात तळमळत पडून राहू नये. आपल्या जिल्ह्यात तर आई तुळजाभवानीच्या निद्रेलाही नेमलेला काळ आहे. माणसाच्या निद्रेलाही नेम हवा.

कुटुंबीयांचे व समाजाचे कर्तव्य

घरच्यांनी रुग्णावर पहारा ठेवू नये, त्याला आधार द्यावा. दिनदर्शिकेवर रोजची मात्रा व झोप यांची नोंद करण्यास मदत करावी, गोळ्या संपण्याच्या आठवडाभर आधी पुढची सोय पाहावी आणि ‘अजून सुटली नाही का?’ हा प्रश्न टाळावा. रुग्णाच्या मनात आत्मघाताचे विचार असतील तर गोळ्या त्याच्या संमतीने घरातील जबाबदार व्यक्तीकडे ठेवाव्यात. वृद्ध व्यक्ती रात्री उठताना पडणार नाहीत यासाठी दिवा व आधाराची सोय करावी. गोळीची गुंगी असताना मोटारसायकल वा ट्रॅक्टर चालवू देऊ नये.

मनमोकळ्या सल्ल्यासाठी केंद्र शासनाची ‘टेलि-मानस’ सेवा १० ऑक्टोबर २०२२ पासून सुरू असून १४४१६ या क्रमांकावर ती विनामूल्य मिळते. प्रत्यक्ष मात्रा ठरविण्यासाठी मात्र रुग्णास पाहणारे डॉक्टरच हवेत.

देणगीदार व विश्वस्त बंधुभगिनींस एक निवेदन करावेसे वाटते. या कामाला मोठे यंत्र किंवा नवी इमारत लागत नाही. कमी मात्रेच्या गोळ्यांचा अखंड साठा, दर दोन-तीन आठवड्यांची ठरलेली भेट, भेट चुकल्यास परिचारिकेचा एक दूरध्वनी आणि समुपदेशकाचा अर्धा तास, एवढ्यावर एका रुग्णाची आठ-दहा महिन्यांची वाटचाल पार पडू शकते. या खर्चाचे फळ छायाचित्रात दाखविता येत नाही. परंतु ज्या घरातील आई कोणतीही आकडी न येता, कोणाचाही रोष न पत्करता हळूहळू गोळीविना झोपू लागते, त्या घराला त्याचे मोल कळते. ज्यांच्या घरात अशी गोळी चालू आहे त्यांनी आज ती बंद करू नये. आज फक्त चिठ्ठी व पाकीट घेऊन बाह्यरुग्ण विभागात यावे. पुढची वाट मिळून ठरवू.