साखर नाही, मग मधुमेहाची गोळी कशाला?

"डॉक्टर, मला साखर नाही, मग मधुमेहाची गोळी का लिहिली?" कर्वेनगरच्या माझ्या दवाखान्यात हा प्रश्न हल्ली वारंवार येतो. चिठ्ठी चुकली असे समजून काहीजण गोळी परस्पर बंद करतात. म्हणून हा खुलासा.

ही गोळी बहुधा डापाग्लिफ्लोझिन किंवा एम्पाग्लिफ्लोझिन असते. मूत्रपिंडे रक्तातील साखर गाळतात आणि पुन्हा रक्तात घेतात. ही गोळी ते परत घेणे अडवते. साखर, थोडे मीठ आणि त्यांच्याबरोबर पाणी लघवीवाटे निघून जाते.

२०१५ साली मधुमेही रुग्णांवरील चाचणीत असे दिसले, की एम्पाग्लिफ्लोझिनमुळे हार्ट फेल्युअरसाठी रुग्णालयात दाखल होण्याचे प्रमाण घटते. 'हार्ट फेल' म्हणजे हृदय बंद पडणे नव्हे. हृदयाची पंपाची ताकद उणावते; धाप लागते, पाय सुजतात, उताणे झोपवत नाही.

मग मधुमेह नसलेल्यांना फायदा होईल का? २०१९ साली डापाग्लिफ्लोझिनच्या मोठ्या चाचणीचे निष्कर्ष आले. त्यात भारतासह २० देशांतील ४,७४४ रुग्ण होते; निम्म्याहून अधिकांना मधुमेह नव्हता. नेहमीची औषधे सर्वांना चालूच होती. सुमारे दीड वर्षात हृदयविकाराने मृत्यू किंवा आजार बळावणे हे नुसती नेहमीची औषधे घेणाऱ्यांत शंभरी २१ जणांच्या, तर ही गोळीही घेणाऱ्यांत १६ जणांच्या वाट्याला आले. मधुमेह नसलेल्यांनाही तितकाच लाभ झाला.

डापाग्लिफ्लोझिनचे पेटंट भारतात २०२० साली संपल्यावर अनेक कंपन्यांच्या स्वस्त गोळ्या निघाल्या.

ही गोळी घेणाऱ्यांनी काही गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. लघवीच्या तपासणीत साखर दिसणारच, घाबरू नये. मधुमेह नसणाऱ्याच्या रक्तातील साखर या एकट्या गोळीने सहसा धोकादायक खाली जात नाही. जननेंद्रियांना खाज येऊ शकते. स्वच्छता राखावी, लाजून दुखणे लपवू नये. उलट्या-जुलाब झाले, निर्जळी उपवास धरायचा असेल किंवा शस्त्रक्रिया ठरली असेल, तर गोळी काही दिवस थांबवायची का, हे आधी डॉक्टरांना विचारावे.

शेजाऱ्याला गुण आला म्हणून धडधाकट माणसाने मात्र ती घेऊ नये. हृदय दुबळे असणाऱ्याने, साखर नाही म्हणून ती सोडू नये.