समुपदेशकाची पाटी आणि नोंदणी क्रमांक

हडपसरच्या एका वाचक भगिनींचे पत्र आले आहे. त्यांच्या सुनेने मानसशास्त्रात एम.ए. केले असून घराच्या पुढच्या खोलीत समुपदेशन केंद्र काढायचा तिचा विचार आहे. ‘परवाना कोणाचा लागतो?’ असे त्या विचारतात. प्रश्न सुनेचा असला तरी उत्तर तिच्याकडे येणाऱ्यांच्या अधिक उपयोगाचे आहे.

प्रथम शब्दांचा घोळ निस्तरू. मनोविकारतज्ज्ञ हा डॉक्टर असतो, औषधे तो लिहितो आणि त्याची नोंद मेडिकल कौन्सिलकडे असते. चिकित्सा मानसशास्त्रज्ञ डॉक्टर नसतो. तो चाचण्या घेतो व बोलण्यातून उपचार करतो. १९९२ च्या भारतीय पुनर्वास परिषद कायद्यानुसार त्याचे नाव केंद्रीय नोंदवहीत असावे लागते. नोंदीशिवाय व्यवसाय केल्यास एक वर्षापर्यंत कैद, एक हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. नुसती एम.ए. पदवी या नोंदीला पुरत नाही.

उरला समुपदेशक. येथेच कायद्याची वीण सैल आहे. २०१८ पासून लागू झालेल्या २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याने मनोविकारतज्ज्ञाची, चिकित्सा मानसशास्त्रज्ञाची, परिचारिकेची, सामाजिक कार्यकर्त्याची व्याख्या केली, समुपदेशकाची मात्र केली नाही. रुग्णाला ठेवून घेणाऱ्या संस्थेला नोंदणी सक्तीची आहे. तासभर बोलून घरी पाठवणारी खोली त्यात बसत नाही. त्यामुळे पाच वर्षे मानसशास्त्र शिकलेली व्यक्ती आणि चार रविवारांचा कोर्स केलेली व्यक्ती एकच पाटी लावू शकतात. एके ठिकाणी तर शॉप ॲक्टचा दाखला चौकटीत लावलेला मी पाहिला. तो दुकानाचा दाखला, ज्ञानाचा नव्हे!

याचा फटका कसा बसतो ते सांगतो. माझ्याकडे येणाऱ्या एका कुटुंबातील कॉलेजच्या मुलाला मनोविकारतज्ज्ञांनी गोळ्या चालू केल्या होत्या. एका समुपदेशकाने ‘गोळ्यांची सवय लागते, माझी दहा सेशन पुरे’ असे सांगून त्या बंद करायला लावल्या. पैसे आगाऊ घेतले. तीन आठवड्यांत मुलाची झोप उडाली, तो भिंतीशी बोलू लागला आणि वडिलांना मध्यरात्री रिक्षा करून ससूनला धावावे लागले. पुढे तक्रार कुठे करायची, हा वडिलांचा प्रश्न. डॉक्टर असता तर कौन्सिल होती. इथे नाव कोणत्याच वहीत नाही, मग खोडणार कुठून? ग्राहक आयोगाचा लांबचा रस्ता तेवढा उरला.

म्हणून सगळे समुपदेशक एकाच माळेचे मणी समजू नयेत. आपली हद्द ओळखून रुग्णाला वेळीच डॉक्टरकडे पाठवणारे कितीतरी आहेत. २०२१ साली संसदेने संलग्न आरोग्य व्यवसायांसाठी राष्ट्रीय आयोगाचा कायदा केला. त्याच्या परिशिष्टात मानसशास्त्रज्ञ, आरोग्य समुपदेशक, वैद्यकीय सामाजिक कार्यकर्ते आले आहेत आणि राज्याराज्यांत परिषद व नोंदवही ठेवायची तरतूद आहे. घडी बसायला वेळ लागतो आहे. अमेरिकेत व्हर्जिनिया राज्याने १९७६ मध्येच समुपदेशकांना परवाना पद्धत लावली. तिथे पदवीनंतर ज्येष्ठांच्या देखरेखीखाली ठरावीक तास काम केल्याशिवाय परवाना मिळत नाही.

तेव्हा सूनबाईंनी ‘चिकित्सा मानसशास्त्रज्ञ’ हे शब्द पाटीवर घालू नयेत, आपली पदवी व विद्यापीठ स्पष्ट लिहावे, वर्ष-दोन वर्षे अनुभवी व्यक्तीच्या हाताखाली काढावीत आणि एका मनोविकारतज्ज्ञांशी आधीच बोलून ठेवावे. औषधांबाबत अवाक्षर काढू नये. येणाऱ्याची गोष्ट शेजारणीलाच काय, सासूबाईंनाही सांगू नये. पुढची खोली म्हटल्यावर हे मुद्दाम लिहितो.

आणि वाचकहो, पहिल्याच भेटीत शिक्षण, नोंदणी क्रमांक व फी विचारायला संकोचू नका. चिकित्सा मानसशास्त्रज्ञ म्हणवणाऱ्याकडे पुनर्वास परिषदेचा क्रमांक असलाच पाहिजे. विचारल्यावर कोणी रागावले तर उठून यावे. पैसे आगाऊ मागणाऱ्यापासून आणि ‘गोळ्या सोडा’ म्हणणाऱ्यापासून दूर राहावे. घरात कोणी जिवाचे बरेवाईट करण्याची भाषा करू लागले, तर मात्र पाट्या वाचत बसू नये. सरकारचा टेली-मानस क्रमांक १४४१६ रात्रंदिवस चालू असतो, मराठीतही बोलता येते आणि पैसे पडत नाहीत.