युद्धकाळांतील नभोवाणी : ऐकावें कसें याचा एक धडा

कानांवर पडणें आणि ऐकणें या दोन निराळ्या गोष्टी आहेत. रस्त्यांतील गोंगाट कानांवर पडतो. गुरुजींचा पाठ ऐकावा लागतो. हा भेद आमच्या विद्यार्थिमित्रांना वर्गांत रोज सांगितला जातो. परंतु एका साऱ्या पिढीला तो किती कठीण प्रसंगीं शिकावा लागला हें पाहावयाचें असेल, तर सन १९३९ ते १९४५ या काळांतील महायुद्धाकडे वळलें पाहिजे. हल्लीं बातमी प्रत्येकाच्या हातांतील लहानशा यंत्रांत अष्टौप्रहर येत असते. त्या काळीं ती ठराविक वेळीं येई, एकदां बोलली जाई, आणि निसटली म्हणजे निसटली. मुलगा आघाडीवर गेलेला, रात्रीं आकाशांतून बाँब पडण्याची धास्ती, आणि खरें काय तें सांगणारा एक आवाज. अशा स्थितींत माणसें घड्याळाकडे पाहत यंत्रापुढें बसत. त्या ऐकण्याचें वेळापत्रक, त्यामागील शास्त्र आणि त्यांतून निघणारा बोध हे तीन विषय आम्ही येथें क्रमानें मांडणार आहों.

एक देश, एक कार्यक्रम

जर्मनीनें पोलंडवर स्वारी केली ती १ सप्टेंबर १९३९ रोजीं. त्याच दिवशीं ब्रिटनमधील बी. बी. सी. या संस्थेनें आपले निरनिराळे प्रांतिक कार्यक्रम बंद करून सर्व देशासाठीं ‘होम सर्व्हिस’ हा एकच कार्यक्रम चालू केला. लंडनमध्यें १९३६ सालीं सुरू झालेली चित्रप्रक्षेपणाची सेवाही त्याच दिवशीं थांबली. वाचकांस वाटेल कीं, हा काटकसरीचा उपाय असावा. खरें कारण निराळें होतें. ध्वनिक्षेपक केंद्रांतून निघणाऱ्या लहरी कोणत्या दिशेनें येतात हें विमानांतील यंत्रास कळतें. म्हणजे खलाशाला जसा दीपस्तंभ, तसें रात्रीं उडणाऱ्या शत्रूच्या वैमानिकाला प्रत्येक केंद्र वाटाड्याच होणार. यावर तज्ज्ञांनीं अशी युक्ति योजिली कीं, अनेक केंद्रांनीं मिळून एकाच लांबीच्या लहरीवर एकच कार्यक्रम सोडावा. होम सर्व्हिससाठीं ३९१ व ४४९ मीटर अशा दोन लहरी ठरविण्यांत आल्या. एकच आवाज चहूंकडून येऊं लागल्यावर कोणता कोठून येतो हें शत्रूला उमजेना. त्याचीं विमानें अगदीं जवळ आलीं म्हणजे त्या भागांतील केंद्र तेवढें बंद ठेवीत. दूरच्या केंद्रांचा क्षीण आवाज मात्र येत राही. जाणता श्रोता आवाज एकाएकीं बारीक झाला कीं काय तें ओळखी.

दिवसाचे टप्पे

त्या काळीं ब्रिटनमध्यें सुमारे ९० लक्ष घरांत नभोवाणीचे परवाने होते. जेथें वीज नव्हती तेथें शिशाच्या बॅटरीवर यंत्र चाले, आणि ती बॅटरी वरचेवर दुकानांत नेऊन भरून आणावी लागे. यंत्रांत काचेचे व्हॉल्व असत. ते तापण्यास थोडा अवधि लागे. म्हणून शहाणीं माणसें बातम्यांच्या वेळेपूर्वींच यंत्र लावून ठेवीत. जो ऐन वेळीं कळ फिरवी, त्याला पहिलीं वाक्यें कधींच मिळत नसत.

बातम्या सकाळीं ७ व ८ वाजतां, दुपारीं १ वाजतां, सायंकाळीं ६ वाजतां, रात्रीं ९ वाजतां व मध्यरात्रीं अशा सहा वेळां होत. सकाळीं ७ वाजून ५५ मिनिटांनीं पांच मिनिटांचें प्रातःचिंतन असे. १९४० च्या उन्हाळ्यापासून सव्वाआठ वाजतां गृहिणींसाठीं स्वयंपाकासंबंधीं पांच मिनिटांचें भाषण होऊं लागलें; शिधापत्रिकेवर मिळणाऱ्या तुटपुंज्या लोण्यांत, साखरेंत व मांसांत कुटुंब कसें जगवावें, बटाटे व गाजरें कोणकोणत्या प्रकारें करावीं, हें त्यांत सांगत. साडेदहा वाजतां कारखान्यांतील कामगारांसाठीं काम करतां करतां ऐकण्याचें संगीत लागे. सायंकाळीं सव्वापांच वाजतां मुलांचा तास असे. याच तासांत १३ ऑक्टोबर १९४० रोजीं चौदा वर्षांच्या राजकन्या एलिझाबेथ प्रथमच बोलल्या, आणि त्या घर सोडून दूरच्या गांवीं वा परदेशीं पाठविलेल्या मुलांस उद्देशून बोलल्या. आईबापांपासून तुटलेल्या मुलांना तो आवाज आपल्याच वयाच्या कोणाचा तरी वाटला असेल.

परंतु साऱ्या दिवसाचा कळस म्हणजे रात्रीं नऊच्या बातम्या. नोव्हेंबर १९४० पासून बातम्यांच्या आधीं लंडनमधील बिग बेन या थोर घड्याळाचे टोले ऐकवूं लागले. ते टोले पडत असतां घरोघर माणसें मिनिटभर स्तब्ध बसत, आणि दूर असलेल्या आपल्या माणसाचें स्मरण करीत.

सत्याची कसोटी

पूर्वीं बातम्या वाचणाराचें नांव सांगण्याची चाल नव्हती. १९४० सालीं शत्रु ब्रिटनवर उतरेल अशी भीति उत्पन्न झाली, आणि खोट्या आवाजानें खोटे हुकूम कोणी सोडूं नयेत म्हणून निवेदक आरंभीं आपलें नांव सांगूं लागले. अल्व्हर लिडेल, ब्रूस बेलफ्रेज अशीं नांवें घरांतल्या माणसांइतकीं परिचयाचीं झालीं. १५ ऑक्टोबर १९४० च्या रात्रीं बेलफ्रेज नऊच्या बातम्या वाचीत असतां त्याच इमारतींत शिरलेला एक बाँब फुटला. सात माणसें मृत्युमुखीं पडलीं. श्रोत्यांना एक दबका आवाज ऐकूं आला. निवेदक क्षणभर थांबला, आणि पुढें वाचूं लागला. कर्तव्य म्हणजे काय याचें उदाहरण विद्यार्थ्यांनीं याहून दूर शोधण्याचें कारण नाहीं.

तथापि धैर्य आणि अचूकता हे दोन वेगळे गुण आहेत. १५ सप्टेंबर १९४० रोजीं लंडनवर मोठें हवाई युद्ध झालें. त्या दिवशीं शत्रूचीं १८५ विमानें पाडल्याचें जाहीर करण्यांत आलें. युद्ध संपल्यावर जर्मन दप्तरें तपासलीं तेव्हां ती संख्या सुमारे ६० निघाली. येथें कोणीं जाणूनबुजून खोटें सांगितलें असें नव्हे. धुरांत आणि गर्दींत एकच विमान पडतांना दोघांतिघांनीं पाहिलें, आणि प्रत्येकानें तें आपल्या हिशेबीं धरलें. प्रामाणिक माणसाच्या तोंडूनही चुकीचा आंकडा निघूं शकतो, ही गोष्ट पक्की ध्यानांत ठेवावी. शिवाय न सांगितलेलें पुष्कळ असे. हवामानाचे अंदाज युद्धभर लोकांना ऐकवीत नसत, कारण ते शत्रूच्या विमानांच्याही उपयोगीं पडते.

ऐकण्यास बंदी

जर्मनीची रीत निराळी होती. तेथें १९३३ पासून सरकारनें स्वस्त ग्राहक यंत्रें घरोघर पोंचविलीं, तीं अशा हेतूनें कीं, सरकारचा आवाज प्रत्येक कानांत जावा. युद्ध सुरू होतांच परकी केंद्र ऐकणें हा गुन्हा ठरला. ऐकणाराला तुरुंग, आणि ऐकलेली बातमी पसरविणाराला प्रसंगीं देहान्त शिक्षाही होई. हॉलंडमध्यें तर १९४३ सालीं लोकांचीं यंत्रेंच जप्त करण्याचा हुकूम सुटला. तरीही माणसें माळ्यावर, तळघरांत, घोंगडी डोक्यावरून घेऊन लंडन ऐकत. जानेवारी १९४१ मध्यें व्हिक्टर द लाव्हले या बेल्जियन गृहस्थांनीं लंडनहून आपल्या देशबांधवांना ‘व्ही’ हें अक्षर भिंतींवर लिहिण्यास सांगितलें, कारण फ्रेंच भाषेंतील ‘विजय’ आणि फ्लेमिश भाषेंतील ‘स्वातंत्र्य’ या दोन्ही शब्दांचें तें पहिलें अक्षर आहे. तारायंत्राच्या लिपींत त्या अक्षराचे तीन ऱ्हस्व व एक दीर्घ असे ठोके होतात. तेच चार ठोके नगाऱ्यावर वाजवून लंडन केंद्र युरोपला हांक मारूं लागलें.

उलट ब्रिटनमध्यें जर्मन केंद्र ऐकण्यास कायद्यानें मनाई नव्हती. हॅम्बुर्गहून इंग्रजींत बोलणाऱ्या विल्यम जॉइसचा उपहास पुष्कळजण घरीं बसून ऐकत. ज्याला आपल्या बाजूच्या खरेपणाचा भरंवसा आहे त्याला दुसऱ्याचें बोलणें ऐकूं देण्याचें भय वाटूं नये, हें तत्त्व येथें दिसतें. पण तेंच सरकार हिंदुस्थानांत या तत्त्वाला जागलें काय?

आमच्या देशांतील श्रोते

मुंबईचें केंद्र २३ जुलै १९२७ रोजीं सुरू झालें आणि ‘ऑल इंडिया रेडिओ’ हें नांव १९३६ मध्यें पडलें. युद्धारंभीं सबंध देशांत परवाने एक लाखाच्या आंतच होते. १९४१ च्या शिरगणतीप्रमाणें लोकसंख्या ३८ कोटींच्या वर होती. म्हणजे सुमारे चार हजार माणसांमागें एक यंत्र! अर्थात् एकानें ऐकावें आणि शंभरांना सांगावें, असाच प्रकार चाले, आणि तोंडोतोंडीं जातांना बातमीचें रूप पालटे.

दूरचीं केंद्रें लघुलहरींवर येत. या लहरी वातावरणाच्या फार उंच, विद्युत्भारित थरावर आपटून पुन्हां पृथ्वीकडे परततात, आणि अशा उड्या घेत हजारों मैल जातात. सूर्यप्रकाशानें तो थर बदलत असल्यामुळें दिवसा १६ किंवा १९ मीटरच्या लहरी चांगल्या येत, तर रात्रीं ३१ व ४९ मीटरच्या. म्हणून श्रोत्याला घड्याळाबरोबर सूर्याचेंही भान ठेवावें लागे.

घड्याळाचा हिशेब तर गणिताचें उत्तम उदाहरणच आहे. ब्रिटननें युद्धांत आपलीं घड्याळें हिवाळ्यांतही ग्रिनिच वेळेच्या एक तास पुढें ठेविलीं, आणि १९४१ पासून उन्हाळ्यांत दोन तास. हिंदुस्थानची प्रमाण वेळ ग्रिनिचच्या साडेपांच तास पुढें; परंतु १ सप्टेंबर १९४२ पासून १५ ऑक्टोबर १९४५ पर्यंत तीही आणखी एक तास पुढें ढकललेली होती. आतां जानेवारी १९४३ मध्यें लंडनला रात्रीचे ९ वाजले म्हणजे ग्रिनिचला ८, आणि आमच्याकडे रात्रीचे अडीच! जुलै १९४३ मधील उत्तर विद्यार्थ्यांनीं स्वतः काढून पाहावें. तें दीड असें येईल. यावरून ध्यानांत येईल कीं, पूर्वेकडील श्रोत्यांसाठीं लंडनला निराळे कार्यक्रम निराळ्या वेळीं कां करावे लागले. १९४२ पासून तेथून मराठींतही युद्धवार्ता येऊं लागल्या. प्रसिद्ध लेखक जॉर्ज ऑर्वेल त्या विभागांत १९४१ ते १९४३ पर्यंत होते, आणि त्यांच्या सहकाऱ्यांत वेणू चितळे या महाराष्ट्रीय विदुषी होत्या.

त्याच आकाशांतून दुसरे आवाजही येत होते. फेब्रुवारी १९४२ मध्यें सिंगापूर पडल्यानंतर थोड्याच दिवसांत सुभाषचंद्र बोस यांचा आवाज जर्मनींतून ऐकूं आला. आणि ऑगस्टच्या चळवळींत पुढारी तुरुंगांत गेले, वर्तमानपत्रांवर निर्बंध आले, तेव्हां २७ ऑगस्ट १९४२ रोजीं खुद्द मुंबईंतून ४२.३४ मीटरवर गुप्त ‘काँग्रेस रेडिओ’ बोलूं लागला. तो चालविणाऱ्या मंडळींत उषा मेहता ही अवघ्या बावीस वर्षांची विद्यार्थिनी होती. १९३९ सालीं विल्सन कॉलेजमधून ती पदवीधर झाली होती. सरकारी केंद्रें ज्या गोष्टी सांगत नसत, त्या येथून लोकांना कळत. आष्टी व चिमूर येथील हकीकतही तींपैकींच. पोलिसांना माग लागूं नये म्हणून जागा वारंवार बदलावी लागे. अखेर १२ नोव्हेंबर १९४२ रोजीं कार्यक्रम चालू असतांच पोलीस दारें फोडून आंत शिरले. उषाताईंना चार वर्षांची शिक्षा झाली. १९४६ मध्यें त्या सुटल्या. वर विचारलेल्या प्रश्नाचें उत्तर या हकीकतींतच आहे.

बोध

शेवटीं एक उदाहरण. शत्रूचीं केंद्रें ऐकून टिपणें घेण्यासाठीं बी. बी. सी. ची एक शाखा होती. तींत कलेतिहासाचे पंडित ई. एच. गोम्ब्रिख काम करीत. १ मे १९४५ रोजीं जर्मन केंद्रानें महत्त्वाची घोषणा होणार असें सांगून संगीत लावलें. ती ब्रुकनर याची सातवी सिंफनी आहे, आणि तिचा संबंध व्हाग्नर या संगीतकाराच्या मृत्यूशीं आहे, हें गोम्ब्रिख यांनीं ओळखलें. हिटलर मेला असावा असा तर्क त्यांनीं घोषणेपूर्वींच बांधला, आणि तो खरा ठरला. सूर सर्वांच्या कानांवर पडले होते. ऐकले ते एकानें, कारण त्याच्यापाशीं पूर्वींचा अभ्यास होता.

यावरून आम्हांस तीन गोष्टी सांगावयाच्या आहेत. कोण बोलतो हें आधीं ओळखावें. एकच आवाज ऐकून निर्णय करूं नये, आणि जो आवाज दडपला जातो त्याची विशेष चौकशी करावी. आणि ऐकलेली गोष्ट दुसऱ्यास सांगण्यापूर्वीं तो आंकडा १८५ आहे कीं ६० हें आपल्या मनाला विचारावें. पालकांसही आमची विनंति आहे कीं, दिवसांतून एक वेळ तरी मुलांसह बसून एखादी बातमी शेवटपर्यंत ऐकावी, आणि मग ती खरी कशावरून, हें मुलांनाच विचारावें. यंत्र पुष्कळ ऐकवील. ऐकणें मात्र ज्याचें त्यानेंच शिकलें पाहिजे.