चित्रदुर्गापर्यंतची कन्याकुमारी

पुण्याहून कन्याकुमारी साधारण पंधराशे किलोमीटर. राष्ट्रीय महामार्ग ४८ ने सातारा, कोल्हापूर, बेळगाव, हुबळी, दावणगेरे, चित्रदुर्ग करत बंगळुरू गाठायचं आणि तिथून ४४ नंबरचा रस्ता धरून सेलम, मदुराईवरून खाली समुद्रापर्यंत. साडेतीनशे सीसीच्या मोटारसायकलवर मी एकटीच निघाले होते. चित्रदुर्गाच्या अलीकडे गाडी बंद पडली आणि प्रवास तिथेच संपला. गाडी ट्रकने घरी आली, मी बसने. एकट्याने लांब जाणाऱ्यांना, त्यातही एकट्या जाणाऱ्या बायकांना, उपयोगी पडावं म्हणून हे लिहिते आहे. पोचायची तयारी आपण महिनोन्‌महिने करतो. मध्येच थांबावं लागलं तर काय, याची तयारी मात्र फारसं कुणी सांगत नाही.

१. हॉर्न बसला की सावध व्हा

दावणगेरे मागे पडल्यावर हॉर्नचा आवाज बारीक झाला. मग इंडिकेटर मंदावला. मीटरचा डिजिटल पडदा विझून पुन्हा लागला, आणि थोड्याच वेळात इंजिन अडखळायला लागलं. अशा वेळी बहुतेकांचा पहिला संशय पेट्रोलवर जातो: कचरा आला असेल, फिल्टर तुंबला असेल. पण विजेवर चालणारी एकेक गोष्ट ओळीने दुबळी होत असेल, तर आधी चार्जिंग तपासावं.

इंजिनच्या बाजूच्या झाकणाआड तांब्याच्या तारेच्या गुंडाळ्यांचं एक कडं असतं, त्याला स्टेटर म्हणतात. इंजिन फिरलं की त्यात वीज तयार होते, पण ती एसी. तिची डीसी करून बेताच्या दाबाने बॅटरीला पुरवायचं काम रेक्टिफायर-रेग्युलेटरचं; गॅरेजात त्याला आरआर युनिट म्हणतात. या दोघांपैकी एकाने जरी मान टाकली, तरी गाडी बॅटरीत जेवढी वीज शिल्लक असेल तेवढ्यावरच चालते. २०२० पासूनच्या बीएस-६ गाड्यांमध्ये पेट्रोलचा पंप, इंजेक्टर आणि त्यांना हुकूम देणारा ईसीयू, सगळ्यांची भिस्त बॅटरीवर असते. शिवाय २०१७ पासून नव्या दुचाकींचा पुढचा दिवा दिवसाही जळतच असतो. अशी गाडी बॅटरी पार बसल्यावर ढकलून चालू करायला जाऊ नका, दम मात्र जातो.

हँडलला लावायचा छोटा व्होल्टमीटर काही फार महाग नसतो. इंजिन बंद असताना चांगली बॅटरी १२.६ च्या आसपास दाखवते आणि इंजिन चालू असताना आकडा १३.५ ते १४.५ मध्ये असावा लागतो. चालत्या गाडीत तो १२ कडे घसरायला लागला, तर मोबाइलचा चार्जर काढा, जादाचे दिवे बंद करा, आणि लख्ख ऊन असेल व हेडलाइटचा फ्यूज वेगळा असेल तर तोही काढून ठेवा. थोडे किलोमीटर पदरात पडतात, तेवढ्यात एखादं गाव गाठता येतं.

२. वेग आहे तोवर जागा ठरवा

इंजिन बंद पडलं तरी गाडी लगेच थांबत नाही. क्लच दाबला की ती बरंच अंतर घरंगळते. तेवढ्या वेळात डावीकडे कुठे थांबायचं ते ठरवायचं. पुलावर नाही, वळणावर नाही, चढाच्या माथ्यापलीकडे तर अजिबात नाही, कारण मागच्या ट्रकवाल्याला तुम्ही दिसायच्या आत तो तुमच्यावर आलेला असतो. सर्व्हिस रोडला उतरता आलं तर फारच चांगलं. गाडी उभी केली की स्वतः लोखंडी कठड्याच्या पलीकडे जाऊन उभं राहा. हेल्मेट डोक्यावरच ठेवा. बंद पडलेल्या गाडीशेजारी वाकून तारा बघत बसणं फार धोक्याचं आहे. त्या क्षणी गाडीला काही होत नसतं, जे व्हायचं ते आपल्याला होऊ शकतं.

मग १०३३. राष्ट्रीय महामार्गांवर मदतीसाठी हा नंबर आहे. फोन लावण्याआधी जवळच्या दगडावरचा किलोमीटरचा आकडा वाचून ठेवा आणि तुम्ही कोणत्या दिशेने जात होतात तेही सांगा, नाहीतर गस्तीची गाडी दुभाजकाच्या पलीकडून निघून जाते.

३. पहिलं वाक्य “मी ठीक आहे”

“गाडी बंद पडली” असं सांगितलं की आईला अपघातच ऐकू येतो. म्हणून आधी “मी ठीक आहे, कुठेही लागलेलं नाही,” मग बाकीचं. कुठे आहे, सोबत कोण आहे, पुढचा फोन किती वाजता करणार, एवढं सांगून फोन ठेवावा. सांगितलेली वेळ चुकवू नये. मोबाइल गाडीवरच चार्ज होत असेल तर गाडीबरोबर तोही जाणार, तेव्हा पॉवर बँक भरलेली आणि स्वतःच्या अंगावर हवी.

४. मदत घ्या, आणि उघडपणे नोंद ठेवा

चित्रदुर्ग जिल्हा कांद्याचा. माझ्यापाशी पहिल्यांदा थांबले ते कांद्याच्या शेतावरून परतणारे एक वयस्क गृहस्थ, जुन्या शंभर सीसीच्या गाडीवर. त्यांना कन्नडखेरीज भाषा येत नव्हती, मला कन्नड येत नव्हतं. त्यांनी चावी फिरवून पाहिली, हॉर्न दाबला, मान हलवली आणि सर्व्हिस रोडकडे बोट दाखवलं. आपल्याकडे गावोगाव करतात तेच त्यांनी केलं: त्यांनी माझ्या गाडीच्या मागच्या फूटरेस्टला पाय लावला आणि मी नुसतं हँडल सांभाळत बसले. हे महामार्गावर कधीही करू नये. मोकळ्या सर्व्हिस रोडवर, अगदी सावकाश, आम्ही पेट्रोल पंपापर्यंत पोचलो.

एकट्या बाईने थांबायला ढाब्यापेक्षा पंप बरा, असं माझं पक्कं मत आहे. उजेड असतो, कॅमेरे असतात, स्वच्छतागृह असतं, आणि तिथली माणसं दिवसभर तिथेच असतात. पुढे गाडी ज्या टेम्पोतून शहरात नेली, त्याच्या नंबर प्लेटचा फोटो मी चालकादेखत काढून घरी पाठवला आणि “घरी कळवते” असंही सांगितलं. तो म्हणाला, “करो अक्का, अच्छा है.” सरळ माणसाला याचं वाईट वाटत नाही, आणि ज्याला वाटेल त्याच्या टेम्पोत बसू नये.

त्या काकांना मी पैसे देऊ केले, ते त्यांनी घेतले नाहीत. मीही दुसऱ्यांदा पुढे केले नाहीत. पंपावर दोघांनी चहा घेतला आणि ते निघून गेले. एकट्याने प्रवास करणारा माणूस स्वावलंबी असतो असं म्हणतात. मला उलटंच वाटतं. चौघं असतात तेव्हा एकाकडे पाने असतात, दुसऱ्याला हिशेब येतो, तिसरा धीर देतो. एकट्याला हे सगळं वाटेवरच्या अनोळखी माणसांकडून घ्यावं लागतं. ते घेता यायला हवं. संकोच करत उन्हात उभं राहण्यात कसलीच बहादुरी नाही.

५. ऑटो इलेक्ट्रिशियन शोधा

मोटारसायकल बंद पडली की आपण मोटारसायकलच्या मेकॅनिककडे जातो. दोष विजेचा असेल तर त्याच्या आधी बॅटरी-डायनामोची पाटी लावलेलं दुकान गाठावं, जिथे ट्रक, ट्रॅक्टर, जेसीबी यांचं वायरिंग होतं. महामार्गावरच्या प्रत्येक शहरात अशी दुकानं एका ओळीत सापडतात. चित्रदुर्गात मला जे मिस्त्री भेटले ते दखनी बोलायचे, त्यामुळे भाषेची अडचण सुटली. “टेन्शन नक्को लेओ,” म्हणत त्यांनी आधी मला स्टूल दिलं, मग मल्टिमीटर काढला.

त्यांची तपासणी शिकून घेण्यासारखी होती. बॅटरी आधी दुसऱ्या चार्जरवर लावली, कारण रिकाम्या बॅटरीवर केलेली कोणतीही चाचणी फसवी. मग स्टेटरकडून येणाऱ्या तीन पिवळ्या तारांचं सॉकेट सोडवलं. गाडी चालू करून दोन-दोन तारांमधला एसी दाब मोजला. तिन्ही जोड्यांत तो सारखा यावा आणि रेस वाढवली की वाढावा. माझ्या गाडीत एकाच जोडीत बरा येत होता, बाकी दोन्ही जोड्या पडलेल्या. पुढे इंजिन बंद करून प्रत्येक तार आणि गाडीची बॉडी यांच्यात जोड मिळतो का ते पाहिलं. तो मिळाला. मिळायला नको होता. म्हणजे गुंडाळीवरचं इन्शुलेशन आतून जळून तार बॉडीला टेकली होती. शेवटी आरआर युनिट तपासलं, तेही गेलेलं.

स्टेटरची गुंडाळी नव्याने बांधून देणारे कारागीर अशा गावांत असतात. पंपाच्या मोटरी बांधणारे हेच हात. मिस्त्री म्हणाले, वाइंडिंग उद्या करून देतो, चालेल. पण आरआर युनिट दुसऱ्या गाडीचं बसवावं लागेल. मूळ भाग मागवला तर यायला आठवडा लागू शकतो. आणि मग न विचारता त्यांनी आपलं मत दिलं. जुळवाजुळव केलेल्या गाडीवर घराच्या आसपास फिरा, मदुराईच्या पुढे उन्हात एकट्या जाऊ नका. स्वतःचं काम वाढत असताना गिऱ्हाइकाला परत जा म्हणणारा कारागीर मला फार मोठा वाटतो. त्यांनी सांगितलेली मजुरी मी घासाघीस न करता दिली. अडलेल्या माणसाकडून वाजवी दाम घेणाऱ्याशी भाव करू नये.

६. परतीचा नियम घरूनच ठरवून निघा

दुरुस्तीला दोन दिवसांहून जास्त लागणार असतील तर मागे फिरायचं, हे मी निघण्याआधीच वहीत लिहून ठेवलं होतं. या एका ओळीने मला जितकं सोडवलं तितकं कुठल्याही अवजाराने सोडवलं नाही. सोबत कुणी असेल तर तो “पुरे आता” म्हणतो. एकट्याला ते म्हणणारं कुणी नसतं. सगळ्यांना सांगून निघालेलो असतो, रजा घेतलेली असते, पुढच्या मुक्कामांचे पैसे भरलेले असतात, आणि मन सारखं सांगत राहतं की आणखी एक दिवस पाहू. दमलेल्या, चिडलेल्या डोक्याने घेतलेला निर्णय बहुतेक वेळा पुढेच जायचा असतो. निर्णय शांतपणे घेतलेला असावा आणि वेळ आल्यावर फक्त पाळायचा राहावा.

मला वाईट वाटलं का? खूप. लॉजच्या खोलीत बसून रडले. त्यात लपवण्यासारखं काही नाही; वर्षभर मनात धरलेली गोष्ट अर्ध्यावर सुटली की रडू येणारच. पण नियम बदलला नाही.

७. गाडी घरी पाठवताना

रेल्वेने पाठवायची असेल तर दोन वाटा आहेत. आपण त्याच गाडीने जात असू तर तिकिटावर लगेज म्हणून, नाहीतर पार्सल म्हणून. आरसीची आणि ओळखपत्राची प्रत लागते, टाकी पूर्ण रिकामी करावी लागते, गाडी गोणपाटाने बांधावी लागते. जिथे रेल्वे जेमतेम दोन मिनिटं थांबते त्या स्थानकावर मोटारसायकल चढवणं कठीण, म्हणून मोठं स्थानक गाठावं.

मी ट्रान्सपोर्टने पाठवली. बांधण्याआधी चारी बाजूंनी फोटो काढावेत, किलोमीटरच्या आकड्याचाही काढावा. आरसे, सॅडल बॅग, पुढची काच काढून घ्यावी. बॅटरीची वायर सोडवून तिच्या टोकाला टेप लावावी. टाकी, इंडिकेटर आणि सायलेन्सरला पुठ्ठा व पेंढा नीट लागतो आहे का, ते समोर उभं राहून पाहावं. बिल्टीवर इंजिन नंबर, चॅसिस नंबर आणि गाडीची किंमत लिहून घ्यावी. मूळ आरसी कुणाच्याही हातात देऊ नये.

विम्याबरोबर रस्त्यावरच्या मदतीची जोड घेतली असेल, तर ती किती किलोमीटरपर्यंत गाडी उचलून नेते आणि कुठे नेते, हे घरीच वाचावं. परराज्यात, अर्धवट रेंजमध्ये, फोनवर वाद घालण्यात सकाळ जाते.

८. अडकलात तर गाव बघा

पुण्या-बंगळुरूच्या रस्त्याने जाणाऱ्यांना चित्रदुर्ग म्हणजे टेकड्यांवरच्या पवनचक्क्या. मीही ते तसंच मागे टाकणार होते. ट्रान्सपोर्टचा ट्रक दुसऱ्या दिवशी होता, म्हणून सकाळी किल्ल्यावर गेले. एकाच्या आत एक असे सात तट, वाटेत माणसाहून कितीतरी मोठे गोलसर खडक, आणि पावसाचं पाणी एका तळ्यातून दुसऱ्यात उतरत जावं अशी रचना. हैदरअलीने १७७९ मध्ये मदकरी नायकाकडून हा किल्ला घेतला. त्याआधीच्या वेढ्यातली ओबव्वाची कथा इथे लहान पोरंही सांगतात. पहारेकरी नवरा जेवायला बसलेला, ही पाण्याला गेलेली. खडकाच्या फटीतून शत्रूचे शिपाई एकेक करून आत सरकताना तिने पाहिले आणि मुसळाने एकेकाला लोळवलं. ती फट आजही दाखवतात. एक माणूस जेमतेम आडवा होऊन जाईल इतकीच ती आहे. मी तिथे बराच वेळ बसले.

९. दोन्ही भाग एकदम बदला

घरी आल्यावर स्टेटर आणि आरआर युनिट दोन्ही नवीन घातले. एक जळालेला असताना फक्त दुसरा बदलला तर नवाही लवकर जाण्याची भीती असते. त्यांच्यामधली सॉकेट्सही उघडून पाहावीत. उष्णतेने प्लॅस्टिक तपकिरी पडलं असेल किंवा आतली पिन सैल झाली असेल, तर तीही बदलावीत. हे काम दीडदोन तासांचं आहे. स्टेटरचं झाकण उघडलं की इंजिन ऑइल आणि झाकणाचं गॅस्केट नवं घालावं लागतं, तेव्हा ते आणूनच मेकॅनिककडे जावं. ऑक्टोबर ते डिसेंबर तमिळनाडूत परतीच्या मोसमी वाऱ्यांचा पाऊस असतो, म्हणून मी पुन्हा निघणार आहे ती जानेवारीत.